नेवाशाच्या समुद्रातलं शेवाळ

मु. पो. नेवासा,
जि. अहमदनगर
१२ नोव्हेंबर १९७२

श्रीयुत गोरक्षराव यांस,

नेवाशाहून राधाकृष्णाचा नमस्कार पोचावा. आपण, वहिनी आणि मुलं रत्नागिरीच्या दमट हवेत कोरडी आणि खुशाल असाल अशी आशा आहे. वहिनींचा खोकला कसा आहे? धाकट्याला भात मानवला का? इकडे पाऊस सोडला तर बाकी सगळं जागच्या जागी आहे. आपली बहीण मनकर्णा ठीक. आपल्या मातोश्रींचे गुडघे दुखतात, पण त्या गुडघ्यांवर त्या रोज पेठेतून माझ्या फोटो स्टुडिओपर्यंत चालत येतात, त्यामुळे दुखणं किती आणि सांगणं किती हे तुम्हीच ठरवा. (त्या का येतात ते पुढे येईलच. घाई करू नका.) दिवाळीला तुम्हाला रजा मिळाली नाही, त्यामुळे तुमच्या वाटणीचा चिवडा आम्ही संपवला. वाईट वाटून घेऊ नये, बरा झाला होता.

तुमचं कार्ड मिळालं. एक विनंती आहे: असल्या मजकुराला पाकीट वापरत जा. तुम्ही लिहिलंत की डिसेंबरात मत्स्यखात्याच्या साहेबांबरोबर नगरला कामासाठी येणार आहात, तेव्हा वाट वाकडी करून नेवाशाला याल, आणि माझ्या माशांच्या पेटीच्या काचेवर बोटभर जरी हिरवं दिसलं तरी मासे, समुद्रफूल, प्रवाळाचे दगड, सगळं पत्र्याच्या डब्यात भरून परत न्याल आणि जिथून काढलं तिथे सोडाल. हे सगळं उघड्या कार्डावर. पोस्टमनने ते माझ्या हाती देण्याआधी स्वतः वाचलं, मग छगनच्या सायकल दुकानात वाचून दाखवलं. दुपारपर्यंत बाजारात बातमी झाली की राधाकृष्णाचा समुद्र जप्त होणार. छगन माझा शेजारी, दुकानाला दुकान लागून. तो हवा भरता भरता भिंतीपलीकडून म्हणाला, "राधाकिसन, तुज्या मेव्हण्याला सांग, समुद्र नेताना पानी तेवढं ठेवून जा म्हनावं. खारं का व्हईना, आमी भागवून घेऊ." त्याच्याकडे लक्ष देऊ नका. समुद्र जागेवर आहे, मासे जिवंत आहेत, आणि मी हे पत्र मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, म्हणजे तुम्ही डबा घरीच ठेवून याल.

आधी हे मान्य करा की अख्ख्या तालुक्यात, आणि माझ्या माहितीप्रमाणे नगर जिल्ह्यातही, खाऱ्या पाण्याची जिवंत पेटी दुसऱ्या कुणाकडे नाही. मे महिन्यात तुमचे समुद्राच्या पाण्याचे काचेचे बुधले पहिल्यांदा आंब्याच्या ट्रकमधून आले तेव्हा लोकांना वाटलं, मी लोणच्याचा कारखाना काढतो आहे. पेटी मी इथेच बनवून घेतली. लोखंडी चौकट, खिडकीच्या काचा, फटींत काच बसवणाऱ्याची पुट्टी, आणि मिठाने लोखंड खाऊ नये म्हणून आतल्या कडांना मेण. पहिल्या रात्री ती गळली नाही. दुसऱ्या रात्री थोडी गळली आणि फरशीवर पांढरं मीठ उमटलं, ते मनकर्णाने पुसून टाकलं आणि आजतागायत तो विषय काढलेला नाही. (असा स्वभाव तुमच्या घरातून आला असेल तर आभारी आहे.) वीज जाते तेव्हा हवेचा पंप बंद पडतो, त्यावर छगनने ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब लावून दिली आहे. ती हवेने टम्म फुगवून ठेवायची, वीज गेली की नळीची चावी किंचित सोडायची, मग ट्यूब सावकाश पाण्यात बुडबुडे सोडत बसते. गावात अंधार असतो, डॉक्टरांच्या दवाखान्यातसुद्धा मेणबत्ती असते, आणि माझे मासे आरामात श्वास घेत असतात. रत्नागिरीत तुमच्या खात्याकडे अशी ट्यूब आहे का, हे साहेबांना जरूर विचारा.

आणि स्टुडिओ म्हणाल, तर पूर्वी माझ्याकडे पाठीमागे रंगवलेला पडदा होता, त्यावर कमान, हंस आणि न ओळखू येणारी झाडं. आता गिऱ्हाईक पडद्याकडे बघतसुद्धा नाही. नवरा-नवरी पेटीच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि मध्ये तुमचे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे दोन मासे. एका नवरीच्या वडिलांनी तर तक्रार केली की फोटोत जावई हलला, मासा मात्र बरोबर आला. आता इतक्या मानाच्या पेटीला दृष्ट लागायचीच. ती शेवाळाच्या रूपाने लागली.

पहिल्यांदा दगडांवर तपकिरी भुकटी बसली. मला वाटलं धूळ, कारण यंदा धुळीशिवाय काही पिकलेलं नाही. मग जुलैत काचेवर हिरवट साय आली, आणि मग प्रवाळाच्या दगडावर केस उगवले. अगदी खरे केस, लांब, मऊ, पाण्याबरोबर डुलणारे. तुम्हाला याचं काही वाटणार नाही, तुमच्या कोकणात भिंतीलाही शेवाळ असतं. (आई गेल्या वर्षी तुमच्याकडे राहायला आल्या आणि आठवड्यात परतल्या, तेव्हा भाकरी मिळत नाही याच्या खालोखाल त्यांची तक्रार हीच होती की तिथं पायरीसुद्धा हिरवी असते.) पण इकडची गोष्ट वेगळी. पाऊस नाही, प्रवरेचे डोह आटून नुसता वाळूचा पट्टा राहिलेला, बांधावर काडी नाही. लोक माझ्या दुकानात येऊन ते शेवाळ बघत बसू लागले. कुकाण्याचे एक शेतकरी बाकावर टेकून बराच वेळ बघत होते, मग उठताना म्हणाले, "हिरवं लई ब्येस हाय. बैलाला चालंल का?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण जाताना हात पाण्यात बुडवून चव मात्र बघितली.

मी हे कळवलं तेव्हा तुमच्या पत्रात दोन कारणं होती: उजेड जास्त आणि खाणं जास्त. खाण्याबद्दल माझी खात्री होती. तुम्ही सांगितलं त्या मापाने, सुक्या जवळ्याची चिमूटभर पूड, याउपर कणभर नाही. तेव्हा उरला उजेड. फोटोचे मोठे दिवे पेटीच्या अंगावरच पडतात, हे मला कबूल करावं लागलं. म्हणून पेटीवर काळं कापड टाकून ती काही दिवस अंधारात ठेवायची असं ठरवलं. काळं कापड माझ्याकडे एकच, स्टँडवरच्या मोठ्या कॅमेऱ्याचं. ते पेटीवर टाकलं आणि मी लहान कॅमेऱ्यावर काम सुरू केलं. त्यात भानसहिवऱ्याचे एक आजोबा आले, फेटा बांधून, आयुष्यातला पहिला फोटो काढायला. त्यांना खुर्चीवर बसवून मी कॅमेऱ्यात फिल्म भरायला वळलो, परत बघतो तर आजोबा खुर्ची फिरवून पेटीकडे तोंड करून बसलेले. गुडघ्यांवर हात, मान ताठ, पापणी लवत नाही. मी मागून म्हणालो, आजोबा, इकडे बघा. त्यांनी ओठ न हलवता सांगितलं, "गप ऱ्हावा. फोटू निघतोय." काळ्या कापडाखाली जे असतं तो कॅमेरा, हे त्यांना कुणीतरी घरून नीट समजावून पाठवलं होतं. शेवटी मीच पेटीच्या मागच्या फटीत उभा राहून त्यांचा फोटो काढला. उत्तम आला. अंधारात शेवाळ थोडं पिवळं पडलं खरं, पण तुमचं समुद्रफूलही मिटून मुठीएवढं झालं आणि मनकर्णा म्हणाली की फूल मेलं तर दादाला तोंड तुम्ही दाखवायचं. कापड काढलं. दुसऱ्या दिवशी फूल उमललं, आणि त्याच्या मागोमाग शेवाळही.

मग हाताने काढायचं ठरलं. माझी बोटं औषधांच्या पाण्यात राहून राठ झालेली, दगडाला धक्का लागायचा. म्हणून छबूबाईंना बोलावलं. त्या खुरपणीला जातात, म्हणजे जायच्या. यंदा खुरपायला शेतात काही नाही. त्यांनी पदर खोचला, कोपरापर्यंत बाह्या वर केल्या, पेटीत वाकून बघितलं आणि मला विचारलं, "मालक, ह्ये तन हाय का पीक?" मी म्हटलं, केस तेवढे तण. त्यांनी समुद्रफुलाकडे बोट केलं, "आन् ह्ये?" मी म्हटलं, पीक. मग प्रवाळाच्या दगडावरचं जांभळट काहीतरी दाखवलं, "आन् ह्ये?" गोरक्षराव, मला ते आजही माहीत नाही. मी म्हटलं, त्याला हात लावू नका. छबूबाईंनी इतकी सुंदर खुरपणी केली की शेवाळाची एक काडी पाण्यात सुटली नाही. बांधावर ठेवावं तसं त्यांनी ते फरशीवर ओळीने ठेवलं, आणि जाताना म्हणाल्या की तण असं वाढतं म्हणजे रान खतावलेलं आहे, खत बंद करा. मी थोडा दुखावलो. खत घालतो कोण? आठवड्यात पेटी पुन्हा हिरवी.

इथे तुमच्या मातोश्री येतात.

दुपारी मी अंधारखोलीत असतो. फोटो धुतले जाईपर्यंत दार उघडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे बाहेर कोण येतं जातं याचा मी कधी विचार केला नाही. गेल्या आठवड्यात फोटोचा कागद संपला म्हणून मध्येच बाहेर आलो, हात ओले. बघतो तर पेटीसमोर बायकांची रांग. सगळ्यांच्या हातात वाट्या, वाट्यांत कणकेच्या गोळ्या. रांगेच्या तोंडाशी आई, डोक्यावर पदर, आणि त्या एकेक गोळी पाण्यात सोडून हात जोडत होत्या. तुम्हाला आठवत असेल, घाटावर प्रवरेच्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायची आपल्याकडे केवढी रीत आहे. कुणाचं दुखणं, कुणाचं लग्न, कुणाची कोर्टातली तारीख, घाला माशांना गोळ्या. यंदा नदीत पाणी नाही, घाटावर मासा नाही, आणि नवस तर यंदाच जास्त. तेव्हा आईंनी जवळचे मासे शोधून काढले. बाकीच्या बायका त्यांच्यामागून आल्या. आणि तुमच्या कार्डामुळे समुद्र जाणार अशी हाकाटी झाल्यावर, राहिलेले नवस आधी उरकून घ्यावेत म्हणून वाड्यावस्त्यांवरूनही येऊ लागल्या.

मी म्हणालो, आई, हे खाऱ्या पाण्यातले मासे आहेत, यांना कणीक चालत नाही, ती कुजते आणि त्यावर शेवाळ माजतं. आई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, नदीला पानी न्हाई. मग म्या गोळ्या कुठं टाकू, रांजनात?" मी म्हणालो, पण नवस नदीच्या माशाचा ना? त्यावर म्हणाल्या, "देव काय पान्याची चव बघून नवस घेतो व्हय?" मागून कुणीतरी बाई बोलली, "त्यांच्या दिव्यापायी आमचं डोळं दिपत्यात, त्ये चालतंय. आमची गोळी नडली व्हय." सगळ्या हसल्या. आईसुद्धा. मी अंधारखोलीत परत गेलो. कागद घ्यायचा विसरलो होतो, पण लगेच बाहेर येणं बरं दिसलं नसतं.

नंतर मनकर्णाला मध्ये घालून तह झाला. बाकीच्या बायकांसाठी मी पेटीशेजारी पाण्याचं घंगाळ ठेवलं आणि त्यात विहिरीच्या तळातून आणलेले दोन मरळ सोडले. नदीचे नसले तरी गोड्या पाण्याचे, आणि खातात दणकून. आई मात्र घंगाळाकडे बघायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, नवस ज्या माशाला बोलला त्यालाच पोचला पाहिजे. शेवटी ठरलं की त्यांनी रोज एकच गोळी, वाटाण्याएवढी, टाकायची. त्या गेल्या की मी शाईच्या ड्रॉपरने ती ओढून घेतो. (हे त्यांना माहीत नाही. तुम्हीही सांगू नये.) नवस कशाचा ते त्यांनी मला सांगितलं, पण तुम्हाला न कळवण्याची शपथ घातली, म्हणून इथे लिहीत नाही.

तर एकंदर हकीकत ही अशी. छबूबाईंनी पुन्हा एकदा खुरपलं, दिवे मी भिंतीकडे वळवले, आणि आज सकाळी समोरच्या काचेत मला स्वतःचा चेहरा दिसला. मासे त्यामागून फिरत होते. एका फोटोग्राफरने आयुष्यात जे काही बघितलं असेल त्यात हे मला फार वर ठेवावंसं वाटतं. समुद्रापासून इतक्या कोसांवर, दुष्काळात, टायरच्या ट्यूबवर, मी तुमच्या जिवांना सहा महिने सांभाळलं आहे. साहेबांना जरूर आणा. डब्याची आवश्यकता नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मनकर्णा ओवा पाठवते आहे, खोकल्याला द्यावा.

आपला
राधाकृष्ण

ता. क. समोरची काच स्वच्छ आहे असं मी वर लिहिलं ते अक्षरशः खरं आहे. बाजूच्या दोन आणि मागच्या काचेबद्दल मी काही लिहिलेलं नाही, हे तुमच्यासारख्या बारीक नजरेच्या माणसाच्या लक्षात आलंच असेल. फोटो समोरून काढतात.

आणखी ता. क. मनकर्णाने पत्र वाचलं आणि म्हणाली, शपथ तुम्हाला घातली, मला नाही. तेव्हा ती सांगते आहे आणि मी फक्त लिहून घेतो आहे. आईंचा नवस तुमच्या बदलीचा आहे. तुम्ही नगर जिल्ह्यात परत येईपर्यंत त्या रोज माशांना घालणार. दोन पट्टेरी माशांतल्या मोठ्याला त्या 'गोरख' म्हणतात आणि तो गोळीला तोंड लावतो की नाही ते बघून मगच घरी जातात. परवा तो दगडामागून आला नाही तर रात्री जेवल्या नाहीत. हे मासे तुम्ही डब्यात घालून नेलेत तर त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच कळवा. दिवाळीला मिळाली नाही ती सवड माशांच्या तपासणीसाठी मिळते, यावर मनकर्णाने जे म्हटलं ते मी लिहून घेतलेलं नाही. ऐकतो की मुळा धरणाच्या जलाशयात मासे सोडायचे आहेत आणि त्यासाठी तुमच्या खात्याला माणसं लागणार आहेत. तुम्ही मागितल्याशिवाय बदली मिळत नसते. अर्ज करा. चार महिने उजेड कमी केला, अंधार केला, खुरपलं, तह केला. शेवाळाच्या मुळाशी आता मला हा एकच उपाय दिसतो. तुम्ही घरी आलात की गोळ्या बंद.

शेवटची ता. क. पाकीट चिकटवताना मनकर्णाने विचारलं, दादा इकडे आला तर समुद्राचं पाणी पाठवणार कोण? हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खरंच, रत्नागिरीत दुसरं ओळखीचं कुणी नाही. पाणी बदललं नाही तर पेटी फार दिवस चालायची नाही, एवढं मलाही आता कळतं. तुम्ही अर्ज करा, गोरक्षराव. पाण्याचं मी बघून घेईन.